समुद्राविना किनारा
बंगळूरच्या तळ्यांकाठी सहकुटुंब फेरफटका

दिवस कलला की पाण्याच्या काठी जावे, ही सवय ज्या गावांना पाण्याचा शेजार लाभला आहे तेथील माणसांच्या अंगी लहानपणापासून मुरलेली असते. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलांना ती पुळणीवर लागते, कोल्हापूरकरांना रंकाळ्यावर, तर ठाणेकरांना मासुंद्याच्या काठी. पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने माणूस कोठेही गेला, तरी सायंकाळी त्याची पावले नकळत पाण्याचा शोध घेऊ लागतात.

आमची आई मालवणकडची. उतारवयात ती आमच्याकडे बंगळुरास राहावयास आली, तेव्हा या शहराची हवा तिला मानवली, भाजीबाजार आवडला, शेजारीही मनमिळाऊ मिळाले. परंतु आठ दिवसांनी ती म्हणाली, “बाकी सगळे ठीक आहे रे, पण या गावाला काठच नाही!” मुलांना या बोलण्याचे हसू आले. मला मात्र ते खरे वाटले. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दक्षिणेच्या पठाराच्या माथ्यावर वसलेले आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. शहरातून वाहणारी, बारमाही पाण्याची मोठी नदीही नाही. मग काठ यावा कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आई, दोन मुले आणि आमचा कुत्रा मोती यांना बरोबर घेऊन आम्ही दर रविवारी सकाळी बाहेर पडू लागलो. या शहराला काठ आहे, आणि एक नव्हे, अनेक आहेत, हे हळूहळू आमच्या ध्यानात आले. ते निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी हातांनी घडविलेले आहेत, एवढेच. ज्यांच्या घरी लहान मुले, वृद्ध माणसे आणि एखादे पाळीव जनावर आहे, अशा वाचकांना आमच्या या फेरफटक्यांतून मिळालेली माहिती उपयोगी पडेल, अशा विश्वासाने हा लेख लिहीत आहे.

माणसांनी घडविलेले काठ

केंपेगौडा यांनी १५३७ साली बंगळूर वसविले, असे मानले जाते. नगर वसविताना त्यांनी व त्यांच्या वंशजांनी कोट आणि पेठा यांच्या जोडीने तळी बांधण्याकडेही लक्ष पुरविले. याचे कारण भूगोलात आहे. बंगळूर ज्या उंचवट्यावर वसले आहे, त्याच्या दोन्ही अंगांनी पावसाचे पाणी वाहून जाते. पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीस व तेथून कावेरीस मिळते, तर पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. जून ते नोव्हेंबर या काळात पडणारा पाऊस अडवून धरला नाही, तर उन्हाळ्यात घशाला कोरड पडणार हे ठरलेलेच. म्हणून उतारावरील प्रत्येक सखल जागी मातीचा बांध घालावयाचा, वरच्या तळ्याचा सांडवा भरून वाहू लागला की ते पाणी कालव्याने खालच्या तळ्यात न्यावयाचे, त्याचे पुढच्यात, अशी साखळी या भागात शतकानुशतके घडत गेली. कानडीत तळ्यास ‘केरे’, सांडव्यास ‘कोडी’ आणि तळी जोडणाऱ्या मोठ्या नाल्यास ‘राजकालुवे’ म्हणतात. शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणारा गावकामगार तो ‘नीरगंटी’. विदर्भातील भंडारा-गोंदियाकडील वाचकांना आपल्याकडील माजी मालगुजारी तलावांची या ठिकाणी आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पाऊस साठवून भात पिकविण्याची ही विद्या दोन्हीकडे सारखीच आहे.

आमची पहिली फेरी झाली ती शहराच्या पूर्वभागातील हलसूर तळ्याची. सुमारे १२५ एकरांचे हे विस्तीर्ण पाणी, त्यात झाडीने भरलेली लहान लहान बेटे, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात पंख वाळवीत बसलेले पाणकावळे. हे दृश्य पाहून आई प्रथमच समाधानाने हसली. या तळ्याचा काही काठ सैन्याच्या ताब्यात आहे. १७८० साली उभ्या राहिलेल्या मद्रास सॅपर्स या पलटणीचे ठाणे येथेच असून तिच्या जवानांचा सराव या पाण्यात चालतो. त्यामुळे सबंध तळ्यास प्रदक्षिणा घालता येत नाही. परंतु वृद्धांना झेपेल एवढे चालणे आणि मुलांना हवी तेवढी पाखरे येथे निश्चित मिळतात.

दुसरे ठिकाण म्हणजे मल्लेश्वरम व सदाशिवनगर यांच्या मधोमध असलेली सँकी टाकी. कर्नल रिचर्ड सँकी या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती १८८२ साली बांधण्यात आली. त्याआधी काही वर्षांपूर्वी, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिण भारताने भीषण दुष्काळ अनुभवला होता. पुन्हा अशी पाळी आल्यास शहरास पाण्याचा आधार असावा, हा हेतू या बांधकामामागे होता. जवळच चंदनाचे सरकारी कोठार असल्याने कानडी माणसे या तळ्यास ‘गंधद कोटी केरे’ असेही म्हणत. सुमारे ३७ एकरांच्या या तळ्याभोवती चांगली फरसबंद वाट असून सावकाश चालणाऱ्यासही पाऊण तासात फेरी पुरी करता येते. बसावयास बाके आहेत, सावली आहे.

मराठी वाचकास या परिसरात आणखी एक जिव्हाळ्याची खूण सापडते. मल्लेश्वरम ज्या देवावरून ओळखले जाते, ते काडू मल्लेश्वराचे मंदिर येथून जवळच आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवस्थानास गाव दान दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकल्यावर ही जहागीर शहाजीराजांकडे आली. जिजाऊ आणि बालशिवाजी यांचाही काही काळ या नगरीत मुक्काम झाला होता. पुढे १६८७ साली हे ठाणे मोगलांच्या आणि त्यांच्याकडून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती गेले. जवळजवळ अर्धे शतक बंगळूर भोसल्यांकडे होते, ही गोष्ट आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातून जेवढी कळली नसती, तेवढी त्या देवळाच्या ओट्यावर आजीने सांगितल्यामुळे कळली.

तिसरे तळे लालबागेतले. १७६० साली हैदर अलीने आरंभिलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. दक्षिणेकडील तळ्याच्या काठाने चालत आले, की समोर एक प्रचंड उघडा खडक दिसतो. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे. या खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे असून ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेले आहे. थोरल्या मुलाने विचारले, “आजी, हा दगड सह्याद्रीपेक्षाही म्हातारा का?” आजीला उत्तर ठाऊक नव्हते. ते येथे देतो. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. लालबागेचा खडक त्याच्या कितीतरी पट वडील आहे.

मोतीची अडचण

येथवर वाचून, आमचा मोती या ठिकाणी काय करीत होता, असा प्रश्न कोणी विचारील. खरे सांगावयाचे तर तो बहुतेक वेळी घरीच होता. लालबागेत पाळीव प्राण्यांना नेता येत नाही. शहरातील अनेक तळ्यांच्या फाटकांवरही तसाच फलक आढळतो. तळ्यांची फाटके सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळीच उघडतात. म्हणून कुत्रा बरोबर नेणाऱ्याने आधी एकदा एकट्याने जाऊन फलक वाचून यावे, हे उत्तम. दारापर्यंत नेऊन मुलांना आणि जनावरास परत फिरविण्याइतके विरस करणारे दुसरे काही नाही.

मध्यवस्तीत कुत्र्यासह मोकळेपणे हिंडता येईल असे ठिकाण म्हणजे कब्बन पार्क. १८७० साली याच सँकीसाहेबांच्या योजनेने ते तयार झाले. रविवारी सकाळी येथे नाना जातींची कुत्री व त्यांचे धनी यांचा मेळाच भरतो. तथापि तेथेही सारे सुरळीत चालले आहे असे नाही. मोकळी सोडलेली कुत्री अंगावर येतात, घाण तशीच पडून राहते, अशा तक्रारी वाढल्याने २०२२ साली या बागेत पाळीव कुत्र्यांना बंदी करण्याचे ठरत होते. श्वानप्रेमी नागरिकांनी रदबदली केल्यावर तो विचार मागे पडला. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. सार्वजनिक जागेतील आपली मोकळीक ही आपल्याच शिस्तीवर अवलंबून असते. दहांपैकी एकाने पट्टा सोडला, तरी उरलेल्या नऊ जणांसाठी फाटक बंद होण्याची वेळ येते.

आमचा मोती मुधोळच्या जातीचा. या जातीविषयी येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. मुधोळ हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि तेथे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. या घराण्याने ही शिकारी जात जोपासली आणि नावारूपाला आणली. तिला ‘कारवानी’ असेही म्हणतात. सडपातळ अंग, लांब पाय, निमुळते तोंड आणि वाऱ्यासारखा वेग ही तिची लक्षणे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर आणि राजपालयम यांच्या पंक्तीला मुधोळलाही स्थान मिळाले. ही जात वासापेक्षा नजरेने शिकार करणारी आहे. दूरवर काही हलले की ती धावलीच. हा तिचा गुण, आणि पुढे सांगितलेल्या प्रसंगात आमचा दोषही.

टिटवीचे घरटे

शहरात मोतीला पळावयास जागा नाही, म्हणून एप्रिल महिन्यातील एका सकाळी आम्ही सारेच शहराच्या उत्तरेकडील एका खेड्याच्या तळ्यावर गेलो. तेथे फाटक नव्हते, फलकही नव्हता. पाणी आटून काठाचा गाळ उघडा पडला होता आणि त्यावर हिरवे गवत उगवले होते. दूरवर गाई चरत होत्या. एवढी मोकळी जागा पाहून मी मोतीचा पट्टा काढला.

पहिली पाच मिनिटे त्याची धाव पाहून मुले टाळ्या पिटीत होती. इतक्यात गवतातून एक टिटवी किंचाळत वर उडाली. पाठोपाठ दुसरी. दोघीही मोतीच्या डोक्यावर झेपा घेऊ लागल्या. मी हाका मारीत धावलो, पण मी पोहोचेपर्यंत व्हावयाचे ते होऊन गेले होते. टिटवी झाडावर घरटे करीत नाही. उघड्या जमिनीवर, खडे मांडून केलेल्या उथळ खळग्यात ती अंडी घालते, आणि ती मातीच्या रंगाची असल्याने सहसा दिसत नाहीत. तेथे चार अंडी होती. एक मोतीच्या पायाखाली फुटले होते.

गाई राखणारे एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आमच्याजवळ आले. ते रागावतील असे मला वाटले. ते रागावले नाहीत. आईने मोडक्यातोडक्या कानडीत “अज्जा, चूक झाली,” असे म्हटले. त्यांनी एवढेच सांगितले, की गेले दहा दिवस ते आपल्या गाई या जागेला वळसा घालून नेत होते. गाईला वळसा घालता येतो, मग कुत्र्याला का नाही? त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. धाकटा मुलगा घरी येईपर्यंत बोलला नाही. रात्री त्याने स्वतः पट्टा आणून माझ्या चपलांशेजारी ठेवला. तो तेव्हापासून तेथेच असतो.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला, कारण पट्ट्याचा नियम बहुतेकांना दुसऱ्या माणसांच्या सोयीसाठी केलेला वाटतो. तो पाखरांसाठीही आहे. बंगळूरच्या तळ्यांवर हळदीकुंकू बदके, टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्या, राखी बगळे, खंड्या आणि ब्राह्मणी घारी दिसतात. जक्कूर आणि हेब्बाळ येथील तळ्यांवर झोळीवाले पाणकोळीही उतरतात. यांपैकी अनेक पक्षी काठच्या गवतात किंवा पाणवनस्पतींत वीण करतात. सुटलेला कुत्रा अंडी खाईलच असे नाही. त्याच्या नुसत्या वावराने भ्यालेली मादी उन्हात अंडी उघडी टाकून गेली, तरी तेवढे पुरते.

खऱ्या समुद्रकिनाऱ्यावरही हाच नियम लागू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालण्यास पुळणीवर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ सालापासून तेथे गावकऱ्यांच्या साहाय्याने ती अंडी कुंपणात जपण्याचे कार्य चालविले आहे. हे कुंपण कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि माणसांपासून अंड्यांचे रक्षण व्हावे म्हणूनच घालावे लागते. सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यावर कुत्रा नेणाऱ्यांनी, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, पहाटे व रात्री त्याला पुळणीवर मोकळे सोडू नये.

हरवलेले आणि परत मिळालेले काठ

आईचे ‘या गावाला काठच नाही’ हे बोलणे एका अर्थी पूर्णपणे चुकीचे नव्हते. येथील अनेक काठ खरोखरच नाहीसे झालेले आहेत. जुन्या नगरीस पाणी पुरविणारे धर्मांबुधी तळे आटून गेले आणि १९६० नंतरच्या दशकात त्याच्या जागी मुख्य बसस्थानक उभे राहिले. आज तेथे रोज उतरणाऱ्या हजारो प्रवाशांना आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत याची कल्पनाही नसते. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार आहे. त्या तळ्याचा एक लहानसा तुकडा तेवढा एका कोपऱ्यात उरला आहे, आणि तोही चैत्री पौर्णिमेच्या करग उत्सवातील विधींना पाण्याची गरज असल्यामुळे.

हे का घडले, याचा विचार केला पाहिजे. १८९४ साली हेसरघट्ट्याहून नळाचे पाणी शहरात आले. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचे, आणि १९७४ साली सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी आले. घरात नळ आला, तशी तळ्याकडे जाणारी वाट मोडली. ज्या पाण्यावर आपले जगणे अवलंबून नाही, त्याची राखण कोण करणार? नीरगंटी गेला, गाळ काढणे थांबले, नाल्यांवर घरे उठली आणि पावसाच्या पाण्याऐवजी सांडपाणी तळ्यांत उतरू लागले. शहरातील सर्वांत मोठ्या बेळ्ळंदूर तळ्यावर साबणाच्या फेसाचे ढीग साचून तो वाऱ्याने रस्त्यावर येऊ लागला, आणि २०१५ व २०१७ साली तर त्या तळ्यावर आगीच्या ज्वाळा दिसल्या. पाणी पेटते, ही कविकल्पना नसून वस्तुस्थिती होऊ शकते, हे त्या वेळी जगाने पाहिले. शुद्ध न करता सोडलेले सांडपाणी, त्यातील साबणचुऱ्याचा अंश आणि कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा ज्वलनशील वायू ही त्यामागील कारणे सांगितली गेली.

तथापि चित्र सर्वस्वी निराशाजनक नाही. १९८५ साली नेमलेल्या लक्ष्मण राव समितीने तळी राखली पाहिजेत, अशी स्पष्ट शिफारस केली. पुढे नागरिकही जागे झाले. जे. पी. नगर भागातील पुट्टेनहळ्ळीचे सुमारे १३ एकरांचे लहानसे तळे २०१० सालापासून तेथील रहिवाशांच्या विश्वस्त मंडळाने हाती घेतले. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीचे तळे शेजारपाजारच्या रहिवाशांनी महापालिकेच्या सहकार्याने पुन्हा जिवंत केले. जक्कूरच्या तळ्याची कथा तर प्रत्येक शाळेच्या सहलीत मुलांना दाखवावी अशी आहे. तेथे रोज १ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता असलेले यंत्रगृह आहे. तेथून निघालेले पाणी थेट तळ्यात न जाता आधी पाणकणसासारख्या वनस्पतींच्या दलदलीतून झिरपते, आणि उरलेला मळ त्या वनस्पती शोषून घेतात. मग तेच पाणी तळ्यात येते. त्यावर मासेमारी चालते आणि पाखरेही येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा कोरड्या तळ्यांत शुद्ध केलेले पाणी सोडून भूजल वाढविण्याचा उपाय सरकारने हाती घेतला. पूर्वजांनी बांधलेल्या बांधांची किंमत नळाच्या पिढीला अशा रीतीने पुन्हा कळू लागली आहे.

तळ्याकाठी जाणाऱ्यांसाठी काही सूचना

कुटुंबासह आणि कुत्र्यासह काठावर जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सकाळी लवकर निघावे. डांबरी वा फरसबंद वाट उन्हात किती तापते याची चपला घालणाऱ्यास कल्पना येत नाही. निघण्यापूर्वी हाताचा पालथा पंजा काही क्षण वाटेवर टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर कुत्र्याच्या पंजालाही ते सोसणार नाही.

पिण्याचे पाणी घरून न्यावे, माणसांसाठी आणि कुत्र्यासाठीही. साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मूत्राद्वारे लेप्टोस्पायरोसिस हा रोग जडण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात काही तळ्यांवर हिरवट-निळी साय धरते. ही नीलहरित शैवाले विषारी असू शकतात आणि असे पाणी पिऊन कुत्री दगावल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. घरी परतल्यावर त्याचे कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या पाहून गोचिडी काढून टाकाव्यात.

रेबीज प्रतिबंधक लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे नियमाने देत राहावी. कोणासही कुत्रा चावला, मग तो पाळीव असो वा भटका, तर हळद, चुना, तिखट असे घरगुती उपाय मुळीच करू नयेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सतत पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते, परंतु वेळेवर लस घेतल्यास तो टाळता येतो.

तळ्याच्या बांधावर भटकी कुत्री बहुधा असतातच. ज्याच्या कानाला लहानशी खाच आहे, त्याचे संततिनियमन झालेले असून त्याला लसही दिलेली असते, असे समजावे. त्यांच्याजवळून जाताना मुलांनी पळू नये, दगड उगारू नये. आपल्या कुत्र्यास आखूड पट्ट्यावर, अंगालगत घेऊन शांतपणे पुढे जावे. गणेशोत्सवात सँकी टाकी आणि हलसूर येथे मूर्तींच्या विसर्जनासाठी वेगळे कुंड राखलेले असते. मराठी कुटुंबांनी तेथे अवश्य जावे, पण ढोल-ताशांच्या त्या दिवसांत कुत्र्यास मात्र घरीच ठेवावे.

आणि शेवटचे म्हणजे, कागदाची पिशवी खिशात असू द्यावी. आपल्या जनावराची घाण आपण उचलावी, यात कमीपणा कसला? लहान मुलाचे आपण जे करतो, तेच हे.

काठ कोणाचा?

परवा आम्ही पुन्हा त्या उत्तरेकडील तळ्यावर गेलो. पाऊस चांगला झाल्यामुळे जेथे टिटवीचे घरटे होते तेथे आता गुडघाभर पाणी होते. मोती पट्ट्यावर होता. ते वृद्ध गृहस्थ बांधावर बसले होते. त्यांनी आईला ओळखले आणि आपल्याजवळची घोंगडी तिला बसावयास पसरून दिली. सांडव्यावरून पाणी वाहू लागले म्हणजे गावात पूर्वी कशी पूजा होत असे, हे ते सांगत राहिले. आईला निम्मे कळले, निम्मे कळले नाही. तरी दोघांचे संभाषण तासभर चालले होते.

परत येताना धाकट्याने विचारले, “आजी, आता आहे ना या गावाला काठ?”

आई म्हणाली, “आहे रे बाबा. पण समुद्राचा काठ आपोआप राहतो. हा राखावा लागतो.”